मेंदूच्या वेशीवर: नेरूरकर मॅडमच्या प्रयोगशाळेतील दिवस

डॉ. शरयू नेरूरकर यांना मी प्रथम पाहिले ते अंधेरीच्या आमच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर. ऐंशीचे दशक अर्धे सरत आले होते. पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीसाठी मी घाटकोपरहून दोन बस बदलून आले होते. दारात उभी राहून "आत येऊ का?" असे विचारणार, तोच आतून एक हात वर झाला.

"थांबा. विमान जाऊ दे."

विमानतळ जवळच होता. विमान डोक्यावरून गेले की खिडक्यांची तावदाने वाजत आणि काचेच्या पेटीतल्या तराजूचा काटा थरथरू लागे. मॅडम त्या तराजूसमोर बसल्या होत्या. पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, नजर काट्यावर. विमान गेले, काटा स्थिरावला, त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि मगच मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"उंदरांची भीती वाटते?"

"नाही मॅडम. आमच्याकडे उंदीरच आम्हाला घाबरत नाहीत. मी त्यांना घाबरून कसं चालेल?"

त्या हसल्या नाहीत. माझी गुणपत्रिका पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि "सोमवारपासून या" एवढेच म्हणाल्या. माझे ते उत्तर त्यांनी त्याच दुपारी साऱ्या विभागाला हसत हसत सांगितले होते, हे मला वर्षभराने कळले. मॅडमचे कौतुक असेच असते. ते ज्याचे असते त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचते.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाविषयी माझ्याहून अधिकारी मंडळी लिहीत आहेत. मी त्यांच्या पहिल्या काही विद्यार्थिनींपैकी एक. त्या दिवसांतले मला जे आठवते, तेवढेच येथे मांडते.

मॅडमचे घराणे वेंगुर्ल्याकडचे. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. पुढे कुटुंब बोरिवलीला दोन खोल्यांत राहायला आले आणि मॅडम तेथूनच शिकल्या. वर्गात त्यांची मराठी आणि इंग्रजी दोन्ही छापील असे. पण रागावल्या किंवा माया आली की मालवणी बाहेर पडे. प्रयोगवहीत खाडाखोड केलेली त्यांना चाले, रबर चालत नसे. "चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे," असे त्या सांगत. एकदा एका मुलाने जुळवून आणलेला आकडा त्यांच्या लक्षात आला. त्यांनी वही मिटून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खोटा लिवूचा नाय." तीन शब्द, आवाजही चढलेला नव्हता. तो मुलगा पुढे फार चांगला संशोधक झाला, आणि ते तीन शब्द आजही सांगतो.

त्यांचा विषय होता मनोविकारांवरची औषधे मेंदूत शिरतात कशी, हा. आज या विषयावर कपाटे भरतील इतके लिहिले गेले आहे. त्या काळी आमच्याकडे औषधाच्या चमकेवरून त्याचे प्रमाण मोजणारे एक जुने फ्लोरीमीटर, एक तराजू, वीसेक पिंजरे आणि मॅडमची चिकाटी एवढेच भांडवल होते. विषय मात्र त्या अगदी सोपा करून सांगत. अंगातल्या इतर रक्तवाहिन्यांच्या भिंतीला बारीक फटी असतात, त्यांतून रक्तातले पदार्थ बाहेर झिरपतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की फट उरतच नाही. आत जायचे तर पेशीच्या अंगातूनच जावे लागते, आणि पेशीचे आवरण स्निग्ध असते. म्हणून जे औषध तेलात सहज विरघळते ते पार होते. पाण्यावर प्रेम करणारे औषध बहुतेक बाहेरच राहते. पुस्तकात याला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. मॅडम त्याला 'वेस' म्हणत. "गावाला वेस असते ना, तशी. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, ते तिथं ठरतं."

माझ्या प्रबंधासाठी त्यांनी दोन औषधे निवडली होती. एक क्लोरप्रोमाझीन, तेलाच्या ओढीचे. दुसरे सल्पिराइड, पाण्याच्या ओढीचे. ती उंदरांना टोचायची, ठरावीक वेळाने रक्तात किती आणि मेंदूत किती पोचले ते मोजायचे. काम वर्णन करायला सोपे, करायला फार कठीण. त्यातली एक पायरी येथे सांगितली पाहिजे, कारण पुढे जे घडले ते तिच्यावरूनच. मेंदू काढण्याआधी भूल दिलेल्या उंदराच्या हृदयातून सलाईन सोडून मेंदूतल्या रक्तवाहिन्या धुऊन घ्याव्या लागत. बाहेर येणारा द्रव आधी लाल, मग गुलाबी, मग पाण्यासारखा स्वच्छ होई. तो स्वच्छ होईपर्यंत थांबायचे. नाहीतर वाहिन्यांत अडकलेल्या रक्तातले औषधही मेंदूतले म्हणून मोजले जाते.

उंदरांच्या खोलीत मॅडम कोणाला थट्टामस्करी करू देत नसत. भूल पूर्ण चढली आहे की नाही, हे त्या स्वतः पाहत. "यांना आपण विचारलेलं नाही," एवढेच त्या म्हणत.

आता जे लिहिणार आहे ते लिहिण्याआधी मी दादाची परवानगी घेतली आहे.

माझा मोठा भाऊ अशोक अंधेरीच्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टर्नर होता. वडील लवकर गेले. त्यामुळे मला शिकवले ते त्यानेच. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला लेथच्या आवाजात माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले. ती माणसे त्याच्याबद्दल बोलत. पुढे मशीन बंद झाल्यावरही ती बोलत राहिली. कारखाना सुटला. महापालिकेच्या रुग्णालयात निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या क्लोरप्रोमाझीनच्या होत्या. मी दिवसभर प्रयोगशाळेत जे औषध मोजत असे, तेच घरी फळीवरच्या डब्यात होते, आणि हे मी महाविद्यालयात कोणालाही सांगितले नव्हते. "भाऊ काय करतो?" या प्रश्नाला "कारखान्यात आहे" असेच माझे उत्तर असे. त्या काळी अशा घरातली मुलगी म्हणून ओळख होणे काय असते, हे माझ्या पिढीला सांगायला नको.

एके दिवशी दुपारी मॅडमनी आम्हा तीन विद्यार्थ्यांना एक साधी चाचणी दाखवायला घेतली. उंदराचे पुढचे दोन पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे. साधा उंदीर लगेच खाली उतरतो. औषध दिलेला उंदीर तसाच उभा राहतो. किती वेळ, ते घड्याळावर मोजायचे. तो पांढरा उंदीर दांडीवर पाय ठेवून उभा राहिला. हलला नाही. डोळे उघडे होते. दहा सेकंद, वीस, तीस. मॅडम आकडे सांगत होत्या आणि मला समोर दादा दिसत होता. सकाळी मी निघाले तेव्हा तो चौकटीला एक हात लावून असाच उभा होता. आईने दोनदा "बस रं" म्हटले, तरी तसाच.

घड्याळ माझ्या हातात होते. मी ते थांबवायचे विसरले आणि रडू लागले.

मॅडमनी इतरांना "चहा पिऊन या" म्हणून पाठवले. उंदराला हलक्या हाताने उचलून पिंजऱ्यात ठेवले. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"घरी कोण आहे?"

"काय झालं?" नाही, "का रडतेस?" नाही. सरळ "घरी कोण आहे?" मी सगळे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले. शेवटी विचारले, "गोळ्या नियमित घेतो?"

"माहीत नाही, मॅडम. आई देते."

"रविवारी मी येते."

घाटकोपरला टेकडीच्या उतारावर आमच्या दोन खोल्या होत्या. महाविद्यालयातली बाई घरी येणार म्हणून मी दोन दिवस बेचैन होते. आई साताऱ्याकडची, माण तालुक्यातली, शाळेत न गेलेली. मॅडम चढ चढून, घामाघूम होऊन आल्या. आईने "जयभीम" केला. मॅडमनीही हात जोडून "जयभीम" म्हटले आणि आईच्या शेजारी खालीच बसल्या. दादा आतल्या खोलीत होता. त्यांनी दारातूनच त्याला विचारले, "अशोकराव, मी आत आले तर चालेल का?" त्याला 'अशोकराव' म्हणणारे माणूस आमच्या घरी कित्येक महिन्यांत आले नव्हते. तो हळूहळू उठून बाहेर आला आणि आमच्याबरोबर बसला.

चहा झाला. मग आईने, मला अजिबात अपेक्षा नसताना, विचारले.

"बाई, तुमी शिकल्यालं मानूस हायसा. एक इचारू? इकार डोस्क्यात हाय म्हंत्यात. मग गोळी पोटात कशापायी? पोटातली गोळी डोस्क्यात जाती कशी?"

मला जमीन दुभंगावी असे झाले. मॅडमचा चेहरा मात्र उजळला.

"ताई, हाच प्रश्न मी वर्गात विचारते. मुलं पुस्तकातलं उत्तर सांगतात. तुम्ही मला दोन वाट्या द्या. एकीत पाणी, एकीत तेल. आणि थोडी हळद."

मी वाट्या आणल्या. मॅडमनी दोन्हींत चिमूट चिमूट हळद टाकून ढवळली. पाण्यातली हळद थोड्या वेळात तळाशी बसली. तेलात रंग उतरला.

"हे तर मला म्हाईतच हाय," आई म्हणाली.

"मग अर्धं तुम्हाला आधीच कळलंय. गोळी पोटात विरघळते, रक्तात जाते, रक्ताबरोबर सगळ्या अंगात फिरते. डोक्यातही रक्त जातंच. पण मेंदूच्या तोंडाशी एक भिंत असते, ती तेलकट असते. पाण्यासारखं औषध तिथून मागं फिरतं. अशोकरावांची गोळी या तेलातल्या हळदीसारखी आहे. ती भिंतीतून आत उतरते."

आई वाटीकडे पाहत राहिली. "आन मंग हात-पाय का ताठत्यात? त्योबी तिचाच गुन हाय का?"

"हो. तिचाच. आत गेल्यावर औषधाला कोणती खोली कशाची ते कळत नाही. आवाज ऐकू येतात तिथंही जातं, आणि हात-पाय हलवणारी जागा असते तिथंही जातं. पहिल्या ठिकाणी बरं करतं, दुसऱ्या ठिकाणी त्रास देतं."

 मग आईने पदराने डोळे टिपले. "मी अर्दीच देत हुते, बाई. कवा कवा द्येतच नव्हते. पोराचं लाकूड व्हाया लागलं, मला बगवंना. पुन्ना त्ये आवाज आलं की मंग द्यायची."

मला हे ठाऊक नव्हते. गोळ्यांचा डबा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. मी उंदरांच्या मात्रा मिलिग्रॅमच्या हिशेबात मोजत होते आणि घरातली मात्रा एकदाही पाहिली नव्हती.

मॅडमनी आईला दोष दिला नाही. "तुम्ही आई आहात, तुम्हाला बघवणार नाहीच. पण मनानं कमी-जास्त केलं की मेंदूला काही कळेनासं होतं. ताठपणावर उपाय असतो. मात्रा बदलता येते, जोडीला दुसरी गोळी देता येते. फक्त डॉक्टरांना हे सांगावं लागतं."

"मग तुमीच सांगा, किती देऊ?"

"नाही ताई. मी उंदरांची डॉक्टर. ते रुग्णालयातले डॉक्टरच ठरवतील. मी तुमच्याबरोबर येते."

तेव्हा दादा बोलला. शब्द जड येत होते. "मॅडम, गोळीनं आवाज जातात. पण मीपण थोडा जातो."

मॅडम त्याच्याकडे वळून बसल्या. "हेच डॉक्टरांना सांगा, अशोकराव. याच शब्दांत. हे मला उंदीर सांगू शकत नाहीत."

त्या आठवड्यात त्या खरोखरच आल्या. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर सकाळभर आमच्याबरोबर बसल्या. आत गेल्यावर स्वतःची ओळख त्यांनी 'घरच्या स्नेही' अशी करून दिली, आणि दादाला बोलू दिले. तरुण डॉक्टरांनी ऐकून घेतले, मात्रा बदलली, ताठपणावरची गोळी दिली. महिन्या-दीड महिन्यात दादा स्वतःच्या हाताने दाढी करू लागला. आवाज पूर्ण गेले नाहीत. ते शेजारच्या घरातल्या रेडिओसारखे झाले, असे तो म्हणे. ऐकू येतात, पण आपल्यासाठी नसतात.

ही कथा येथेच संपवता आली असती तर मला सोपे झाले असते. पण मॅडमविषयी लिहायचे आणि हे गाळायचे, हे त्यांनाच चालणार नाही.

प्रबंधाचे दुसरे वर्ष चालू होते. आमच्या आकड्यांत एक नवलाची गोष्ट दिसू लागली. सल्पिराइड, जे वेशीवरूनच परत फिरायला हवे, ते मेंदूत अपेक्षेपेक्षा बरेच जास्त मिळत होते. मॅडमच्या डोळ्यांत मी प्रथमच अधीरता पाहिली. भिंतीतून जाण्याची एखादी वेगळी वाट असेल का? त्यांनी दिल्लीच्या एका परिषदेला निबंधाचा सारांश पाठवला, तो स्वीकारला गेला. विभागात प्राध्यापकपदाची निवड तोंडावर होती आणि हा निबंध त्यांच्या बाजूने मोठा ठरणार, हे सगळ्यांना माहीत होते.

आलेख काढायला म्हणून मी माझ्या वह्या पुन्हा चाळत होते. सर्वांत जास्त आकडे कोणत्या दिवसांचे, हे पाहायला मी तारखा जुळवल्या. ते सगळे दिवस दादाला रुग्णालयात न्यायचे दिवस होते. त्या दिवशी मला लवकर निघायचे असे. मी घाई करत असे. बाहेर येणारा द्रव गुलाबी असतानाच मी सलाईन थांबवत असे, 'एवढ्याने काय होते' म्हणून. आणि वहीत मात्र नेहमीचे वाक्य लिहीत असे: 'द्रव स्वच्छ होईपर्यंत धुतले.'

ती नवी वाट वगैरे काही नव्हती. ते वाहिन्यांत उरलेले रक्त होते.

तीन दिवस मी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी वह्या घेऊन मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितले. त्यांनी वह्या घेतल्या, तारखा पाहिल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती दिवस माहीत आहे?"

"तीन दिवस."

"बस."

मी बसले. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. बोलल्या तेव्हा आवाज अगदी खाली होता. "धुणं अपुरं झालं, याचा मला राग नाही. होतं. तू 'स्वच्छ होईपर्यंत' असं लिहिलंस, त्याचा आहे."

"मॅडम, मी..."

"थांब. अजून एक राग आहे, तो माझा माझ्यावर. आकडा मला हवा तसा आला, म्हणून मी तुला विचारलं नाही. कमी आला असता तर दहा वेळा विचारलं असतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "दवाखान्यात जायचं होतं तर सांगायचं होतंस. उंदीर दुसऱ्या दिवशी केले असते."

"तुम्ही आधीच इतकं केलं होतं. पुन्हा कसं सांगू, असं वाटलं."

"मी उपकार केले होते का गो तुझ्यावर?"

 त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस मला आजही आठवतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून एक पत्र वाचायला दिले. परिषदेला लिहिलेले. आमच्या प्रयोगशाळेत ऊती धुण्याच्या पद्धतीत त्रुटी आढळली आहे, सबब निबंध मागे घेत आहोत. खाली एकच सही होती, त्यांची. माझे नाव कोठेही नव्हते.

प्राचार्यांनी त्यांना समजावले. इतके बारीक कोण पाहतो, निदान निवड होईपर्यंत थांबा, असे ते म्हणाल्याचे मी बाहेरच्या बाकावरून स्वतः ऐकले. मॅडम म्हणाल्या, "सर, कोणीतरी हा आकडा खरा मानून पुढं काम करील. त्याची दोन वर्षं वाया जातील." चूक कोणाच्या हातून झाली, असेही प्राचार्यांनी विचारले. "प्रयोगशाळा माझी आहे," एवढेच त्यांनी सांगितले.

प्राध्यापकपद बाहेरच्या एका गृहस्थांना मिळाले. मॅडमना ते मिळायला पुढे बरीच वर्षे गेली. त्यांनी त्याविषयी माझ्याजवळ कधी अवाक्षर काढले नाही, आणि मीही काढू शकले नाही. या लेखाच्या निमित्ताने प्रथमच काढत आहे.

सल्पिराइडचे सगळे काम आम्ही पुन्हा केले. जवळजवळ चार महिने, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मॅडम बोरिवलीहून डब्यात घावणे आणि खोबऱ्याची चटणी घेऊन येत आणि आल्या आल्या विचारत, "जेवलंस काय गो?" सलाईन सोडताना त्या माझ्या शेजारी उभ्या राहत. द्रव स्वच्छ झाला की नाही, हे दोघी मिळून पाहत असू, आणि मग मी वहीत लिहीत असे. खात्री करण्यासाठी क्लोरप्रोमाझीनही पुन्हा मोजले. त्याचे आकडे फारसे हलले नाहीत. ते मेंदूत इतके साठते की उरल्यासुरल्या रक्ताने काही फरक पडत नाही. सल्पिराइडचे मात्र धाडकन खाली आले. म्हणजे जे पुस्तकात होते तेच निघाले. वेशीवरून फार थोडे आत जाते. मात्रा मोठी दिली तर तेवढे थोडेही काम करते.

"उत्तर कंटाळवाणं आलं," मी म्हटले.

"खरं आलं ना? मग झालं."

माझी तोंडी परीक्षा पार पडली त्या संध्याकाळी मॅडम आम्हा तिघांना जुहूला घेऊन गेल्या. तेव्हा चौपाटीवर अंधार पडेपर्यंत ऐसपैस बसता येत असे. भेळ खाऊन झाल्यावर मॅडमनी चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्याच्या कडेने चालू लागल्या. मी बरोबर होते. तेथे त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि ती लिहू का, असे मी त्यांना गेल्याच महिन्यात विचारले. "आता लिही," असे त्या म्हणाल्या.

त्यांच्या गावी त्यांची एक आत्या होती. लग्नानंतर वर्षभरात तिचे बोलणे बिघडले. सासरच्यांनी परत पाठवली. घरच्यांनी तिला मागच्या पडवीत ठेवले, आणि ती धावत सुटे म्हणून पायाला दोर बांधला. लहान शरयू सुट्टीत गावी गेली की तिला जेवण नेऊन देई. आत्या तिची वेणी घाली. "फार सुरेख घालायची," मॅडम म्हणाल्या. "मी औषधशास्त्र शिकायला लागले तेव्हा कळलं, तिच्यावर औषध निघालेलं होतं. मुंबईत मिळतही होतं. तोवर ती गेली होती."

 त्यांनी लाटेचे पाणी पायांवरून जाऊ दिले आणि मग म्हणाल्या, "चल, उशीर होतोय. आई वाट बघत असेल."

पुढे मी मुलुंडला एका महाविद्यालयात शिकवू लागले आणि आता तेथूनच निवृत्त झाले. मेंदूच्या भिंतीत औषधांना पकडून पुन्हा बाहेर ढकलणारे राखणदार रेणूही असतात, हे नंतरच्या काळात उघड झाले, तेव्हा पहिला फोन मॅडमचा आला. "वाचलंस? आपल्याला नुसती भिंत दिसत होती. तिथं पहारेकरी पण होते." आवाजात एखाद्या विद्यार्थिनीचा आनंद होता. आपले जुने ज्ञान अपुरे ठरल्याचा असा आनंद मी फार थोड्या माणसांत पाहिला आहे.

निवृत्तीनंतर मॅडमनी दिंडोशीच्या एका वसाहतीच्या सभागृहात दर शनिवारी बसायला सुरुवात केली. मनोविकार असलेल्या माणसांच्या घरचे लोक तेथे येतात. कोणाचा मुलगा, कोणाची बायको, कोणाचे वडील. मॅडम कोणालाही औषध सांगत नाहीत. औषध काय करते, ते सांगतात. डॉक्टरांना काय विचारायचे, ते कागदावर लिहून देतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर दोनच शनिवार चुकले. मी हल्ली त्यांच्या मदतीला जाते. गेल्या महिन्यात एक बाई तावातावाने म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या घरात असं माणूस असतं तर कळलं असतं." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "होतं," आणि त्यांना स्वतःशेजारी बसवून घेतले.

दादा आता माझ्याकडेच असतो. मधल्या काळात औषधे बदलली, नवी आली; तीन-चारदा आजार उसळला, पुन्हा बसला. कारखान्यात तो परत गेला नाही, पण वीस वर्षे त्याने एका छापखान्यात वह्या बांधण्याचे काम केले. आई शेवटच्या दिवसांपर्यंत मॅडमच्या तब्येतीची चौकशी करत असे.

नेरूरकर मॅडमनी शंभरी पाहावी. गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी, डोळ्यांनी वाचू द्यावे, आणि दिंडोशीच्या त्या सभागृहात त्यांच्यासमोर बसणाऱ्यांना आणखी पुष्कळ शनिवार मिळावेत, ही त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने माझी मनापासून इच्छा आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी दादाला विचारले, तुझ्याकडून मॅडमना काय लिहू? मॅडमना हल्ली रक्तदाबाची गोळी घ्यायची आठवण राहत नाही, हे त्याने माझ्याकडून ऐकले होते.  तो म्हणाला,

"लिही, अशोकराव म्हणाले, गोळी चुकवू नका. आम्हाला तुम्ही पाहिजे आहात."

— सुनंदा वाघमारे